कॅप्सूलचा त्याग

माझे सासरे सॅन्टन मास्तर, आमचे पपा, दर वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात काहीतरी सोडतात आणि जे सोडतात ते त्यांना कधीच जड जात नाही. पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून चर्चमधून घरी आले, की जेवायला बसण्याआधी ते उभ्यानेच जाहीर करतात. एका वर्षी त्यांनी पपई सोडली. पपई त्यांना लहानपणापासून आवडत नाही. एका वर्षी चहातली साखर सोडली आणि ईस्टरपर्यंत चहासोबत सुकेळी खाल्ली, म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, साखरेहून गोड. गेल्या वर्षी त्यांनी लिफ्ट सोडली. आमचं भुईगावातलं घर बैठं आहे.

या वर्षी माझ्या सासूबाई, सेलिन, तयारीत होत्या.

"यंदा असं काही सोड की तुला कळेल तरी," त्या म्हणाल्या. "दिवसाला सहा कप चहा पितोस. चहा सोड."

पपांनी ताटाकडे पाहिलं, मग फ्रिजवर ठेवलेल्या औषधांच्या डब्याकडे पाहिलं. "चहा काय, कुणीही सोडतं," ते म्हणाले. "मी माझी कॅप्सूल सोडतो. सहा वर्षं रोज सकाळी घेतोय. आजपासून ईस्टरपर्यंत बंद."

"औषध सोडणं हा त्याग होतो का?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी विरारच्या एका फार्मसी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्यामुळे घरात औषधाचा विषय निघाला, की माझ्याकडे पाहिलं जातं आणि मग माझं ऐकलं जात नाही.

"त्यागाचं फादरना विचारा," मी म्हटलं. "पण पपा, ती कॅप्सूल एका दिवसात बंद करू नका. हळूहळू कमी करायची असते."

"का? मला काय झालंय? पोट ठणठणीत आहे. ती कॅप्सूल उगाचच चाललीये."

खरं तर यातलं अर्धं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी जुने कागद पाहून सांगितलं, की सहा वर्षांपूर्वी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, तेव्हा पोटाला त्रास नको म्हणून ही कॅप्सूल आठ आठवड्यांसाठी दिली होती. गोळ्या बंद झाल्या. कॅप्सूल मात्र कुणी बंद केली नाही, कारण ती घेतली की पपांना काहीही खाता येई. "बंद करायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण एक दिवसाआड करत करत."

मी हे पपांना सांगितलं.

"राख कपाळावर असताना शब्द दिलाय," ते म्हणाले. "एक दिवसाआड शब्द पाळता येत नाही."

शेवटी एवढंच ठरलं, की उलटी झाली, शौचाला काळं झालं, गिळायला त्रास झाला किंवा वजन उतरलं, तर त्याग त्याच मिनिटाला संपणार आणि आम्ही डॉक्टरांकडे जाणार. पपांनी हे कबूल केलं. काही होणारच नाही अशी खात्री असल्यावर माणूस पटकन कबूल होतो.

शनिवारी सकाळी ते छातीवर तळहात ठेवून ओट्याशी आले.

"सेलिन, काल कालवणात मिरची जास्त घातलीस का?"

"काल पेज होती," सासूबाई म्हणाल्या.

कॅप्सूल पोटातले आम्ल तयार करणारे पंप कायमचे बंद पाडते, पण शरीर रोज काही नवे पंप बनवत असतं. दोन-तीन दिवसांत पुरेसे नवे पंप कामाला लागतात. पपांचे लागले होते.

आता यात गंमत वाटावी असं फारसं काही नव्हतं, कारण पपांच्या आवाजाचा प्रश्न होता. आमच्या चर्चमध्ये शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी येशूच्या दुःखसहनाची कथा वाचत नाहीत, गातात. त्यातल्या निवेदकाचा भाग एकतीस वर्षं पपा गात आले आहेत. जवळजवळ पाऊण तास, पेटीशिवाय. वर्षभर ते केळीची बाग बघतात, पेन्शन घेतात आणि आळीतल्या लोकांच्या चुका काढतात, पण ते स्वतःला ओळखतात ते त्या पाऊण तासावरून. घशापर्यंत आम्ल येऊ लागलं, तर आवाज बसतो. आणि शुभ शुक्रवार सहा आठवड्यांवर होता.

या गाण्याची एक पद्धत आहे, ती सांगायला हवी. पपांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्यामुळे गाताना आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नाही. म्हणून सासूबाई शेवटच्या बाकावर बसतात. मांडीवर पांढरा रुमाल असतो. आवाज फार चढला, की त्या रुमाल गालाशी नेतात. पपांना तो तिथून दिसतो आणि ते खाली येतात. एका वर्षी सासूबाई तापाने घरी होत्या. त्या शुक्रवारबद्दल लोक अजून बोलतात.

शनिवारीच पपांनी मला समोर बसवलं. "आता सांग, मास्तरीणबाई. सहा वर्षं पोट गप्प होतं. कॅप्सूल सोडली तर पूर्वीसारखं व्हायला हवं. हे पूर्वीपेक्षा जास्त कसं?"

"जठराच्या खालच्या टोकाला काही पेशी असतात," मी म्हटलं. "अन्न आलं, की त्या गॅस्ट्रिन नावाचा निरोप रक्तात सोडतात. तो निरोप वरच्या भागातल्या दुसऱ्या पेशी ऐकतात, त्या हिस्टामिन सोडतात आणि पंप सुरू होतात. आम्ल पुरेसं झालं, की गॅस्ट्रिनच्या शेजारीच बसलेल्या तिसऱ्या पेशी त्याला गप्प करतात."

पपा विचारात पडले. "म्हणजे शेवटच्या बाकावर सेलिन बसलीये."

इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, पण हे मला सुचलं नव्हतं. "हो. आता कॅप्सूलने पंपच बंद केले. आम्ल होतच नाही. मग रुमाल वर जाणार कसा? सहा वर्षं रुमाल मांडीवर पडून आहे आणि गॅस्ट्रिन ओरडतंय. ते ओरडणं ऐकून त्या हिस्टामिनवाल्या पेशी संख्येनेही वाढल्या. आणि बुधवारी तुम्ही पंप उघडून दिलेत."

"मी सहा वर्षं रुमाल उचलला नाही, तर हा छप्पर उडवील," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

"हे किती दिवस चालतं?" पपांनी विचारलं. या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

"आम्ल पुन्हा होऊ लागलं, की रुमाल पुन्हा वर जातो. गॅस्ट्रिन उतरतं. वाढलेल्या पेशीही हळूहळू कमी होतात. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना दोन महिने."

"शुभ शुक्रवारपर्यंत?"

"सांगता येत नाही, पपा. अजूनही कॅप्सूल सुरू करून हळूहळू सोडता येईल."

ते उठले. "देवाने परीक्षा घ्यायची ठरवलीये," ते म्हणाले.

"देवाने लिफ्टच्या वेळी तुला सोडून दिलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "आता धरलंय."

पहिल्या दोन आठवड्यांत घरात बरेच बदल झाले आणि ते सगळे पपांनी स्वतःच केले, कुणी सांगितलं नसताना. आधी लिंबाचं लोणचं गेलं. मग रात्रीचं जेवण साडेसातला आलं. मग पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा आल्या. डोकं उंच राहिलं तर आम्ल वर चढत नाही, हे मीच सांगितलं होतं. पलंग एकच असल्यामुळे सासूबाई रोज सकाळी पायथ्याशी घसरलेल्या सापडत. "त्याग याचा आणि उतारावर मी," त्या म्हणत.

दुसऱ्या शुक्रवारी पपा पाचूबंदरला मासळी आणायला गेले. परत आले ते पिशवीच्या आधी छातीवरचा हात पुढे करून.

"एलिसा, सकाळपासून पाण्याशिवाय पोटात काही नाही. तरी जळजळ!"

"लिलावाजवळ उभे राहिलात?"

"राहिलो की. ताजे बोंबील होते, हलवा होता. बघत होतो नुसता."

"बघितलंत, वास घेतलात, मनातल्या मनात तळलेतही. पोटाला तेवढं पुरतं. मेंदूकडून एक नस सरळ जठरात उतरते. घास तोंडात यायच्या आधीच ती तयारीला लावते."

"म्हणजे बघायचंही नाही?"

"चौथ्या इयत्तेपासून फादर हेच शिकवतात," सासूबाई म्हणाल्या, "मोहात पडायला हात लावावा लागत नाही."

त्यानंतर मासळी सासूबाई आणू लागल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पपांनी चहाचा कप स्वतःहून बाजूला सारला. सासूबाई तो उचलून स्वतः प्यायल्या. मला वाटतं, राखेच्या बुधवारपासूनचा तो त्यांचा सर्वांत आनंदाचा क्षण असावा.

पण आवाज बसलाच. तिसऱ्या रविवारनंतर सराव सुरू झाला. गायकवृंदाचे प्रमुख रॉकीकाका पपांचे शाळेपासूनचे मित्र. पहिल्याच पानावर पपा तीनदा थांबले, खाकरले. चौथ्यांदा शब्द आला तो चिरका.

"सॅन्टन, गळ्यात बेडूक घेऊन आलास का रे?" रॉकीकाका म्हणाले.

सगळे हसले. पपाही हसले. मग सराव संपताना रॉकीकाकांनी निवेदकाच्या भागाची एक प्रत प्रिस्काच्या हातात दिली. प्रिस्का शाळेत संगीत शिकवते, चाळिशीची आहे, आवाज स्वच्छ आहे. "असू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "नुसती असू दे."

पपा घरी आले. अंगणात चपला काढताना म्हणाले, "चांगली गाते प्रिस्का. माझ्यापेक्षा चांगली गाते." आणि बागेत पाणी सोडायला गेले. पाणी सकाळीच सोडून झालं होतं.

चौथ्या रविवारनंतरच्या आठवड्यात अचानक सुधारणा झाली. मंगळवारी त्यांना बरं वाटलं, बुधवारी जळजळ जवळजवळ नव्हती, गुरुवारी सकाळी ते न्हाणीघरात पहिलं पान पूर्ण गायले. "बघ," ते मला म्हणाले. "तुझं गॅस्ट्रिन प्रार्थनेला घाबरलं."

मला बरं वाटायला हवं होतं. पण हे फार व्यवस्थित होतं. शरीर जेव्हा स्वतःहून सावरतं, तेव्हा दोन पावलं पुढे, एक मागे असं सावरतं. हे तर कुणी बटण दाबल्यासारखं होतं.

पपा बागेत गेल्यावर मी त्यांचा वाडगा धुवायला घेतला. न्याहारीला ते वेलची केळं दुधात कुस्करून खातात. वाडग्याच्या तळाशी चार-पाच पांढरे दाणे होते, मोहरीहून लहान, एकसारखे गोल. मी एक बोटावर घेतला. असे दाणे मी दर वर्षी मुलांना कॅप्सूल उघडून दाखवते.

"आई," मी म्हटलं.

सासूबाई मागे उभ्याच होत्या. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. "सगळे खाल्ले नाहीत वाटतं त्याने."

"किती दिवस?"

"सोमवारपासून. आज चौथा." मग घाईने म्हणाल्या, "त्याने घेतली नाही. मी दिली. पाप माझं. त्याचा शब्द शाबूत आहे."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण त्यांचे डोळे भरले होते.

"तू पाहिलंस ना त्याला त्या दिवशी अंगणात," त्या म्हणाल्या. "पाणी सोडायला गेला. कोरडं काय होतं तिथे सोडायला? एकतीस वर्षं त्या रुमालापलीकडे मी त्या कथेतलं काही ऐकलेलं नाही, एवढं त्याच्यावर लक्ष. आणि आता तो खाली बसणार आणि मी रुमाल घेऊन करू काय?"

मी नळ बंद केला आणि त्यांच्यासमोर बसले.

"आई, शुभ शुक्रवारपर्यंत रोज एक दिलीत तर पपा नक्की गातील. मी खात्रीने सांगते."

त्यांनी मान वर केली.

"पण मग रुमाल पुन्हा खाली जाईल. महिनाभर त्यांनी जे सोसलं, त्यातलं बरंचसं ईस्टरनंतर पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागेल. आज थांबवलीत, तर चार दिवसांचं फार नुकसान नाही. पुढचा आठवडा थोडा वाईट जाईल. मग ते गातील की नाही, मला माहीत नाही."

"तुला माहीत नाही, हे तू फार वेळा म्हणतेस," सासूबाई म्हणाल्या.

"खरं आहे."

त्यांनी दाणा माझ्या बोटावरून उचलला, निरखून पाहिला आणि मोरीत टाकला. मग फ्रिजवरच्या डब्यातलं कॅप्सूलचं पाकीट काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं. "कॉलेजात ने," त्या म्हणाल्या. "मुलांना दाखव. माझ्या हाताशी नको."

पुढचा आठवडा वाईट गेला. पपांना वाटलं प्रार्थना कमी पडली, त्यांनी ती वाढवली. सासूबाई त्यांच्याशी इतक्या गोड वागू लागल्या, की त्यांना संशय आला. "माझं काही गंभीर आहे का?" त्यांनी मला हळूच विचारलं. "ही मला सकाळपासून दोनदा 'बस जरा' म्हणाली."

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे शुभ शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, दुःखसहनाची कथा प्रिस्काने गायली. पपा आमच्यासोबत बाकावर बसले, हातात झावळी धरून. प्रिस्काने चांगलं गायलं. पपा प्रत्येक ओळ ओठांनी म्हणत होते, आवाज न काढता, आणि सासूबाईंचा रुमाल पूर्ण वेळ त्यांच्या मुठीत होता. बाहेर रॉकीकाका म्हणाले, "शुक्रवारचं गुरुवारी ठरवू, सॅन्टन."

सोमवारी जळजळ कमी होती. मंगळवारी परत आली, पण दुपारनंतर गेली. बुधवारी थोडी होती. दोन पावलं पुढे, एक मागे.

बुधवारी संध्याकाळी सासूबाई फादरकडे पापनिवेदनाला गेल्या. नेहमी त्यांना पाच मिनिटं लागतात. या वेळी वीस लागली. घरी आल्या त्या थेट पपांसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मी तुला चार दिवस कॅप्सूल दिली. केळ्यातून."

पपांना समजायला वेळ लागला. "कधी?"

"तुझं गॅस्ट्रिन प्रार्थनेला घाबरलं, तेव्हा."

मी भाजी निवडत होते. ती मी फार काळजीपूर्वक निवडू लागले.

"फादरनी प्रायश्चित्त काय दिलं?" पपांनी विचारलं.

"हेच. आणि एक जपमाळ."

"जपमाळ सोपी होती," पपा म्हणाले. त्यांनी विटांवरच्या पलंगाकडे पाहिलं. "म्हणजे माझे चार दिवस मोडले. या वर्षी पहिल्यांदा खरंच काहीतरी सोडलं होतं मी. तेही मोडलं."

 

"पपा," मी म्हटलं, "उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत ना?"

"नाही. रविवारी त्याग पाळायची सक्ती नसते."

"तुम्ही रविवारी कॅप्सूल घेतलीत?"

"छे."

"राखेच्या बुधवारपासून आजपर्यंत सहा रविवार झाले. सहाही तुम्ही जास्तीचे पाळलेत. त्यातले चार मोडलेल्या दिवसांच्या जागी गेले. दोन अजून शिल्लक आहेत."

पपांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "सेलिन, ऐकलंस? दोन दिवस माझे वरच आहेत."

"मग त्या दोन दिवसांत लिफ्ट वापर," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत उठल्या.

गुरुवारी सरावाला त्यांनी अर्धी कथा गायली. एकदा खाकरले. रॉकीकाकांनी छताकडे पाहत विचार केला आणि म्हणाले, "तू सुरू कर. प्रिस्का शेजारी उभी राहील. हात दाखवलास की ती उचलेल."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी सासूबाईंच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसले. चर्च भरलेलं होतं. वेदीवर फुलं नव्हती, पेटीवर कापड घातलेलं होतं. पपा पुढे उभे राहिले, शेजारी प्रिस्का, पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवून.

पहिल्या पानावर त्यांचा आवाज लहान होता. जपून, एकेक पायरी चाचपत उतरावं तसा. येशूचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी उभा राहून "मी त्याचा शिष्य नाही" म्हणतो, तिथे आवाज फाटला. सासूबाईंचा हात माझ्या मनगटावर आला. प्रिस्काने श्वास घेतला. पपांनी हात दाखवला नाही. ते थांबले, त्यांनी गिळलं आणि कोंबडा आरवला ती ओळ त्याच फाटक्या आवाजात पुरी केली. ती तशीच असायला हवी असं वाटलं.

मग येशूचा न्याय करणाऱ्या पिलाताचा वाडा आला आणि आवाज मोकळा झाला. एका पानाने वाढला, दुसऱ्या पानाने चढला. प्रिस्काचं बोट ओळीवरून निघालं आणि तिने पुस्तक मिटून छातीशी धरलं. आवाज आणखी चढला. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी कानाला पदर लावला. तावदानं हलतील की काय असं वाटू लागलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. रुमाल मांडीवरच होता.

"आई," मी कुजबुजले. "रुमाल."

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी पूर्ण एक पान जाऊ दिलं. मग सावकाश रुमाल उचलला आणि गालाशी नेला. तो त्यांनी नेहमीपेक्षा बराच वेळ तिथेच ठेवला. समोर पपांची नजर एकदा मागे आली आणि त्यांचा आवाज खाली उतरला.

विधी संपल्यावर रॉकीकाकांनी त्यांना दारात गाठलं. "सॅन्टन, मध्ये फारच चढला होतास रे."

"मला नको सांगू," पपा म्हणाले. "रुमाल उशिरा आला. तिला विचार."